मात्रा हातात धरता आली तर : वस्तू ओळखणारं टेबल घरी कसं तयार होतं

उर्दू माध्यमाच्या पाचवी-सहावीतल्या मुलाची मराठीची वही उघडून पाहा. ‘दिवस’ चा ‘दवस’ झालेला असतो, ‘मुलगा’ चा ‘मलगा’. शिक्षक लाल पेनानं गोल करतात, मूल तो शब्द पाच वेळा लिहून आणतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘दवस’. घरच्यांना वाटतं, याचं लक्षच नाही. लक्ष असतं. ते उर्दूच्या सवयीनं मराठी लिहीत असतं, एवढंच.

उर्दूत ‘किताब’ लिहायला काफ, ते, अलिफ आणि बे ही चार अक्षरं पुरतात. काफखालचा जेर कोणी लिहीत नाही, वाचणारा तो मनात भरून घेतो. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं ओळीनं लिहा. तो मुल्क होतो, मलिक होतो, मलक होतो आणि मिल्कही होतो. कोणता, ते पुढचं-मागचं वाक्य सांगतं. उर्दू वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात ही सोय पहिलीपासून पक्की बसलेली असते. जबर, जेर, पेश हे कायद्यात शिकायचे, मोठं झालं की सोडून द्यायचे. मराठीत मात्र पहिली वेलांटी सोडली की शब्दच गेला. म्हणून मूल बोलताना ‘दिवस’ बराबर बोलतं, लिहिताना वेलांटी खाऊन टाकतं. कानाला माहीत आहे, हाताला माहीत नाही.

आमच्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट भर घालते. ‘ळ’ उर्दूत नाहीच, आणि नांदगाव पेठच्या बाजारात केळं ‘केयं’ असतं, शाळा ‘शाया’ असते. म्हणजे घरी उर्दू बोलणारं आणि बाजारात वऱ्हाडी ऐकणारं लेकरू ‘ळ’ पहिल्यांदा भेटतं ते थेट पुस्तकात! त्याचा दोष काढण्यात काय अर्थ आहे?

२०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती आधीपासूनच होती. पुढे तलाठ्याकडचा अर्ज असो की पोलीस भरतीचा पेपर, मराठीशिवाय चालत नाही. दहावीत मराठीनं मार खाल्ला म्हणून पुढचा रस्ता बदललेली मुलं-मुली प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. त्यामुळे ही वेलांटी छोटी गोष्ट नाही.

यावर एक उपाय असा, की मात्रा ही लिहायची खूण न ठेवता उचलून ठेवायची वस्तू करायची. लाकडी ठोकळ्यावर ‘द’, दुसऱ्यावर ‘व’, तिसऱ्यावर ‘स’, आणि वेलांटीचा ठोकळा वेगळा. मूल ठोकळे टेबलावर मांडतं, टेबल ते ओळखतं आणि पडद्यावर शब्द दाखवून मोठ्यानं वाचतं. वेलांटीचा ठोकळा उचललाच नाही तर टेबल ‘दवस’ म्हणतं. मूल स्वतःच हसतं आणि हात वेलांटीकडे जातो. असं टेबल विकत घ्यायचं म्हटलं तर महाग आहे. घरी करायचं म्हटलं तर सुतार, काचवाला आणि थोडंफार कॉम्प्युटर येणारं एक पोर, एवढ्यावर भागतं.

ही कल्पना कुठून आली

वस्तू ओळखणाऱ्या टेबलांत सगळ्यात गाजलेलं टेबल बार्सिलोनाचं. तिथल्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात सर्जी जोर्दा, गुंटर गायगर, मार्कोस अलोन्सो आणि मार्टिन काल्टेनब्रुनर या चौघांनी २००३ पासून त्यावर काम केलं आणि २००५ मध्ये ‘रिॲक्टेबल’ लोकांसमोर आणलं. गोल, उजळलेलं टेबल, त्यावर ठोकळे ठेवायचे. एक ठोकळा सूर काढतो, दुसरा तो बदलतो, ठोकळा फिरवला की आवाज चढतो-उतरतो. आइसलंडची गायिका ब्यॉर्क हिनं २००७ च्या दौऱ्यात ते स्टेजवर वापरलं आणि मग जगभर त्याची चर्चा झाली.

संगीत हा आपला विषय नाही. आपल्या कामाची गोष्ट त्याच्या पोटात आहे. टेबलाखाली एक कॅमेरा असतो आणि प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी एक काळी-पांढरी खूण चिकटवलेली असते. कॅमेरा ती खूण पाहतो. ठोकळ्यात बॅटरी नाही, चिप नाही, वायर नाही. सगळी अक्कल खालच्या कॉम्प्युटरमध्ये. काल्टेनब्रुनर आणि रॉस बेन्सिना यांनी या ओळखीचं सॉफ्टवेअर ‘रिॲक्टिव्हिजन’ नावानं सगळ्यांना फुकट, उघडं करून दिलं, आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी घरी अशी टेबलं ठोकत आले आहेत.

त्याच २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘सर्फेस’ नावाचं टेबल जाहीर केलं. आत पाच इन्फ्रारेड कॅमेरे, किंमत दहा हजार डॉलरच्या घरात. हॉटेलं आणि मोठी दुकानं यांच्यासाठीच ते होतं. पुढे २०१२ मध्ये कंपनीनं ते नाव टॅब्लेटला दिलं आणि टेबलाचं नाव ‘पिक्सेलसेन्स’ झालं. मुलांच्या खेळात मात्र भारतीय नाव आहे : प्रमोद शर्मा आणि जेरोम शॉलर यांचं ‘ऑस्मो’. त्यांनी वेगळं टेबल केलंच नाही. आयपॅड उभा ठेवला, त्याच्या कॅमेऱ्यावर एक छोटा आरसा बसवला आणि कॅमेऱ्याची नजर खाली, समोरच्या साध्या टेबलाकडे वळवली. आरशाचा तुकडा, बस्स! २०१९ मध्ये बायजूजनं ती कंपनी १२ कोटी डॉलरला घेतली. त्यातली अक्षरं अर्थातच इंग्रजी. कोणी मराठी-उर्दूचा संच काढेल म्हणून वाट पाहत बसायची तर पोरं पदवीधर होतील.

खूण वाचते कशी

आज घरच्या कामाला मला ‘आरुको’ ही खूण जास्त सोपी वाटते. स्पेनच्याच कॉर्दोबा विद्यापीठातल्या मंडळींनी ती तयार केली, त्यांचा मुख्य लेख २०१४ चा. ‘ओपनसीव्ही’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आयती मिळते.

खूण म्हणजे काळी चौकट आणि आत चार बाय चार, म्हणजे सोळा घरं. प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. सोळा घरांचे ६५,५३६ प्रकार होतात, पण आपण घेतो त्या संचात त्यातले फक्त ५० निवडलेले आहेत. एवढे कमी का, असं मुलं हमखास विचारतात. वर्गात अमीन, अमीर आणि अमीना अशी तीन नावं असली की हजेरीच्या वेळी गडबड होते ना, तसंच. कॅमेऱ्याला एखादं घर चुकीचं दिसलं तरी एक खूण दुसरीसारखी वाटू नये, आणि फिरवून ठेवली तरी ओळख बदलू नये, म्हणून एकमेकींपासून खूप वेगळ्या अशा खुणाच निवडतात. प्रत्येक खुणेला नंबर. सात नंबर दिसला की ‘द’, वीस नंबर दिसला की पहिली वेलांटी, हे आपण ठरवायचं.

कॅमेरा आधी चित्रातल्या चारकोनी काळ्या चौकटी शोधतो. चार कोपरे सापडले की तिरकी दिसणारी चौकट सरळ करून आतली घरं मोजतो. यातून तीन गोष्टी कळतात : ठोकळा कोणता, टेबलावर कुठे, आणि किती फिरवलेला. एकाच नंबरचे दोन ठोकळे ठेवले तरी दोन्ही वेगवेगळे दिसतात, म्हणून ‘काका’ लिहायला ‘क’ चे दोन ठोकळे एकाच खुणेचे चालतात. मराठीची व्यंजनं आणि मात्रा ५० खुणांत बसतात. उर्दूचाही संच करायचा असेल तर १०० खुणांचा संच घ्या.

पेटी, काच आणि उजेड

सगळ्यात आधी एक सवाल सोडवून टाकू, कारण लोक इथेच घाबरून थांबतात. परदेशी टेबलांत प्रोजेक्टर, इन्फ्रारेड दिवे, कॅमेऱ्यातला फिल्टर काढणं असा मोठा पसारा असतो. तो कशासाठी? टेबलाच्या पृष्ठभागावरच चित्र पाडायचं असतं म्हणून. खालून प्रोजेक्टरनं पाडलेलं चित्र कॅमेऱ्यालाही दिसलं तर तो गोंधळतो. मग कॅमेऱ्याला डोळ्याला न दिसणारा उजेड द्यायचा आणि दिसणारा उजेड अडवायचा, असा तो मार्ग आहे. आपल्याला शब्द टेबलावर नको, बाजूच्या जुन्या मॉनिटरवर चालतो. मग प्रोजेक्टर गेला, त्याच्याबरोबर इन्फ्रारेडही गेलं. साधी पांढरी एलईडी पट्टी पुरते.

आता माप. साधा वेबकॅम आडवं साधारण ६० अंशांचं पाहतो. ६० सेंटीमीटर रुंद काच पूर्ण दिसायला कॅमेरा तिच्याखाली साधारण ५२ सेंटीमीटरवर हवा. म्हणून पेटी आतून ६० बाय ४५ आणि उंची ५५ ते ६० सेंटीमीटर ठेवा. सहावीतली मुलं चटईवर गुडघ्यांवर बसली किंवा बुटक्या स्टुलावर बसली की ही उंची बराबर येते. चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं घेतलं तर काचेवरच्या एका मिलिमीटरला साधारण एक ठिपका येतो. खूण चौकट धरून सहा बाय सहा घरांची, म्हणून ४ सेंटीमीटरची खूण केली तर एका घराला सहा-सात ठिपके मिळतात. एवढं पुरतं. ठोकळा ५ सेंटीमीटरचा करा, म्हणजे काळ्या चौकटीभोवती पांढरी किनार राहील. किनार कापून टाकली तर खूण वाचली जात नाही. काळी चौकट नेमकी कुठे संपते, ते कॅमेऱ्याला कळायला हवं.

काच ६ मिलिमीटरची, टफन केलेली, कडा घासून घेतलेली. मुलं कोपर टेकवणार, एखादं लहान भावंड वर चढूनही बसणार, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. काचेवर, वरच्या बाजूनं, ट्रेसिंग पेपर लावायचा आणि त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक. ट्रेसिंग पेपरला चिकटून असलेली खूण खालून स्पष्ट दिसते, आणि जरा वर उचललेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे हात, बाही, ओढणी, छताचा पंखा, धूसर होऊन जाते. हाच पेपर काचेच्या खालून लावला तर मध्ये काचेची जाडी येते आणि खुणाच धूसर होतात. छोटा फरक, पण सगळा खेळ त्यावर आहे.

एलईडी पट्टी थेट काचेकडे तोंड करून लावली तर कॅमेऱ्याला काचेत तिचे ठिपके चमकताना दिसतात, आणि त्या जागेवरची खूण गायब. पेटी आतून पांढऱ्या रंगानं रंगवा, पट्टी काचेच्या खालच्या कडेला लपवून खाली तोंड करा. उजेड पांढऱ्या तळावर आपटून वर येतो आणि सारखा पसरतो. पट्टी १२ व्होल्टची असते, तिचा अडॅप्टर पेटीबाहेर ठेवा. पेटीच्या मागच्या फळीला हवेसाठी चार भोकं पाडा. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद करून काचेवर नजर पक्की करून ठेवा, नाहीतर प्रत्येक हालचालीला तो डोळे मिचकावत बसतो. लाइट गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि कॅमेरा त्याच्यावरच, पण पट्टी आणि मॉनिटर बंद. त्यामुळे एक १२ व्होल्टची जुनी बॅटरी हाताशी असली तर पट्टी तिच्यावर चालते, शब्द लॅपटॉपच्या पडद्यावर पाहायचा.

प्रोग्राम : डावीकडून की उजवीकडून

प्रोग्राम पायथनमध्ये लिहायचा. बारावी सायन्सचं किंवा पॉलिटेक्निकचं पोर आठवड्याभरात लिहील इतपत काम आहे. तीन ठिकाणी मात्र डोकं लावावं लागतं.

पहिलं ठिकाण : काचेखालून वर पाहणाऱ्याला आपली डावी बाजू उजवी दिसते. मग चित्र आरशासारखं उलटवलं की झालं, असं कोणालाही वाटेल. पण तसं केलं तर खुणाही उलट्या होतात आणि एकही ओळखली जात नाही. म्हणून आधी मूळ चित्रात खुणा ओळखायच्या, आणि त्यानंतर फक्त त्यांच्या जागांचे आकडे उलटवायचे.

दुसरं ठिकाण पहिल्या वेलांटीचं. मूल वेलांटीचा ठोकळा ‘द’ च्या डावीकडे ठेवणार, कारण वहीत ती तिथेच दिसते. कॉम्प्युटर मात्र आधी ‘द’ आणि मग वेलांटी असंच साठवतो. म्हणून प्रोग्रामनं डावीकडे वेलांटी दिसली की ती पुढच्या अक्षरामागे नेऊन बसवायची. उकार अक्षराखाली ठेवायचा असेल तर जरा खाली सरकलेला ठोकळाही त्याच ओळीत धरायला हवा. माझ्या मते उकाराला अर्ध्या उंचीचा ठोकळा करावा, तो मुलांच्या लक्षात राहतो.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात आवडतं. एक ठोकळा ‘रुख’ चा ठेवा. त्याची एक खूण मराठीची, पालथा केला की दुसरी उर्दूची. टेबलाच्या कोपऱ्यात तो मराठीकडून ठेवला तर प्रोग्राम ठोकळे डावीकडून वाचतो, उर्दूकडून ठेवला तर उजवीकडून. ना बटण, ना मेनू. आता मराठीत क, ल, म मांडा : ‘कलम’. रुख पालटा, आणि उजवीकडून दोन नुक्त्यांचा काफ, लाम, मीम मांडा : तोच ‘कलम’. कागद, दुकान, बाजार, तारीख, वकील, अर्ज, जमीन हे शब्द दोन्ही भाषांत नांदतात. मराठी म्हणजे परकी जबान, हे जे मुलांच्या मनात कुठेतरी बसलेलं असतं, ते अशा पंधरा-वीस शब्दांत हलायला लागतं. आणि मग ‘तारीख’ लिहिताना मूल पाहतं, की उर्दूत ‘री’ ची ये लिहावीच लागली, म्हणून मराठीतली दुसरी वेलांटी आपण सहसा विसरत नाही. विसरतो ती पहिली, उर्दूत जिला अक्षरच नाही तीच. व्याकरणाच्या तासाला हे सांगून जे समजत नाही, ते इथे हातानं समजतं.

शब्द पडद्यावर दाखवताना ओपनसीव्हीच्या स्वतःच्या अक्षरांवर जाऊ नका. त्याला देवनागरी येत नाही, नस्तालीक तर दूरच. प्रोग्रामनं शब्द ब्राउझरच्या पानावर पाठवायचा. वेलांटी जागेवर बसवणं आणि उर्दूची अक्षरं जोडणं ब्राउझर करतो. ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फॉन्ट फुकट मिळतो. ठोकळ्यावर सुटा ‘बे’ आहे, पडद्यावर तो शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळ्या रूपात दिसतो. म्हणजे धाकट्यांची उर्दूही पक्की होते. उच्चारासाठी शाळेतल्याच एखाद्या चांगल्या मराठी बोलणाऱ्या मुलीचा आवाज रेकॉर्ड करा. तिच्या तोंडचा ‘ळ’ ऐकला की बाकीच्यांना तो जमण्यासारखा वाटतो.

कॅमेरा म्हटला की

आई-वडिलांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो आणि तो रास्त आहे. मुलींचे फोटो कुठे जातील का? या टेबलात कॅमेरा पेटीत बंद, वर ट्रेसिंग पेपर. त्यातून चेहरा दिसतच नाही, फक्त काचेला टेकलेल्या वस्तू दिसतात. प्रोग्राम चित्र साठवत नाही, नंबर वाचतो आणि चित्र सोडून देतो. इंटरनेटची गरज नाही, वायफाय बंद ठेवून सगळं चालतं. तरीही ज्यांना शंका असेल त्यांना लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं थेट चित्र दाखवा. धूसर पांढऱ्यावर काही काळे चौकोन, बाकी काही नाही. हे पालकांना आधी दाखवायचं, त्यांनी विचारल्यावर नाही.

मोबाईलवर अक्षरं शिकवणारी ॲपं आहेतच, मग टेबल कशाला, असंही विचारतात. मोबाईल एका हाताचा. टेबलाभोवती चार जण बसतात, एक ‘मु’ मांडतो, दुसरी ‘ल’ शोधते, तिसरा म्हणतो ‘अरे, उकार खाली लाव’. ही भांडणं मराठीतच होतात, ते मला जास्त मोलाचं वाटतं. शिक्षकाचं काम मात्र टेबल करत नाही. ‘दीवस’ लिहिलं तर ते तसंच वाचून दाखवेल, चूक का ते सांगणार नाही. त्याला शिक्षक, आपा किंवा मोठी बहीण शेजारी हवीच.

खर्च आणि हात

लॅपटॉप आणि मॉनिटर जुने, घरचे किंवा शाळेचे धरले तर वेबकॅम, प्लायची पेटी, टफन काच, एलईडी पट्टी आणि ठोकळे मिळून साधारण तीन-चार हजारांत काम होतं. पाच-सातशे इकडेतिकडे. ठोकळे तर सुताराकडच्या उरलेल्या पट्ट्यांचेही होतात, फक्त तळ सपाट घासून घ्या. सुतार, वेल्डर, काच कापणारे, मोबाईल दुरुस्त करणारे हे सगळे हुनर आपल्या मोहल्ल्यांत भरपूर आहेत, आणि त्यांच्याच मुलांची वही वर सांगितल्यासारखी लाल गोलांनी भरलेली असते. ज्या सुताराच्या मुलीला मराठी जड जाते, त्याच्याकडूनच पेटी करून घ्यावी. तो पैसे घेवो न घेवो, मुलगी त्या टेबलाकडे वेगळ्या नजरेनं पाहते.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. हे टेबल त्याच रस्त्यावरचं, फक्त त्यात एक कॅमेरा जास्त. ज्या शाळांना नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब मिळालेली आहे तिथे सामान आधीच पडलेलं असतं. ही योजना २०१६ ची, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांनी जवळच्या अशा शाळेशी बोलून एखादा शनिवार मागून घ्यायला हरकत नाही.

एकदम सगळी मुळाक्षरं करत बसू नका. पहिल्या खेपेला तेवीस-चोवीस ठोकळे पुरे : क, ग, त, द, न, प, म, र, ल, व, स, ळ, त्यांतल्या चार-पाचांच्या जोड्या, काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा, आणि रुखचा एक. वेलांटी आणि उकाराचे ठोकळे वेगळ्या रंगाचे करा, लाल नको, लाल रंग मुलांनी वहीत पुष्कळ पाहिलाय. पहिली चाचणी पेटी न ठोकताच करता येते. दोन स्टुलांवर काच आडवी ठेवा, खाली वेबकॅम, आणि दुपारच्या उजेडात चार कागदी खुणा काचेवर पालथ्या ठेवा. चारही नंबर पडद्यावर आले, की मग सुताराला माप द्या.